बर्फावरच्या मासेमारीच्या तंबूचे दांडे गोठून का बसतात, आणि त्यावर उपाय काय?

महालकर (नागपूर)

नमस्कार. विषय आपल्या नागपूरला दूरचा वाटेल, परंतु इथे धातुकाम करणारे, कोल्ड स्टोरेज सांभाळणारे आणि फौजेत राहून आलेले असे सगळेच आहेत, आणि मला त्या सर्वांचीच मदत हवी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मुलगा मिनेसोटात असतो. गेल्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे होतो, तेव्हा तो मला आणि दहा वर्षांच्या नातवाला मिल लॅक्स नावाच्या अफाट तलावावर मासेमारीला घेऊन गेला. तलाव काठापासून काठापर्यंत गोठलेला असतो, त्यावरून मोटारी चालतात, आणि माणसे गिरमिटाने बर्फाला भोक पाडून त्यातून वॉलआय नावाच्या माशासाठी गळ सोडून बसतात. वाऱ्यापासून बचाव म्हणून वर तंबू लागतो. मुलाचा तंबू प्लास्टिकच्या घसरगाडीवर बसवलेला आहे. गाडी ओढत न्यायची, जागेवर पोचल्यावर अॅल्युमिनियमचे चौकोनी दांडे एकातून एक बाहेर ओढायचे, प्रत्येक सांध्यावरचे स्प्रिंगचे बटण भोकात टक्कन बसले की कापड डोक्यावरून पलीकडे उलटायचे. रचना सुरेख आहे.

संध्याकाळी आवरायला घेतले तेव्हा बाहेर उणे २२ अंश होते. चारपैकी तीन दांडे कुरकुर करत आत गेले, चौथा हलेना. बटण दाबले तर ते आत जाऊन तिथेच राहिले, आणि सोडवू गेलो तर आतली नळी बाहेरच्या नळीला वेल्डिंग केल्यासारखी चिकटलेली. मुलाने गिरमिटाच्या दांड्याने दोन ठोके दिले, त्याने बाहेरच्या नळीला पोचा पडला. पाऊण तास गेला, नातवाचे हातमोजे ओले होऊन कडक झाले आणि तो रडू लागला. शेवटी एक दांडा तसाच उभा ठेवून वर दोरी बांधली आणि निघालो. माझी हिंगणा एमआयडीसीत तीस वर्षे फॅब्रिकेशनची शेड होती, माझे सारे आयुष्य नळ्या आणि सांधे यांत गेले, त्यामुळे ती संध्याकाळ माझ्या मनाला फार लागून राहिली आहे.

तंबू बनवणाऱ्यांना मुलाने पत्र लिहिले, तर उत्तर एका ओळीचे आले की ग्रीस लावा. लावले. पुढच्या खेपेला उणे २८ होते आणि ग्रीसचे मेण झाले; आपल्याकडे डिसेंबरात बाटलीतले खोबरेल तेल जसे उपडे करूनही खाली येत नाही, तसे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मला याचे कारण नीट समजून घ्यायचे आहे.

मिनियापोलिसचा_वऱ्हाडी

काका, मी तेरा हिवाळे या बर्फावर काढले आहेत आणि हा प्रकार पहिल्या दोन हिवाळ्यांत भरपूर सोसला आहे. एकच विचारतो. तलावावर जाण्याच्या आदल्या रात्री तंबू कुठे ठेवला होता? आणि आत हीटर किती वेळ चालू होता?

महालकर (नागपूर)

आदल्या रविवारीही तो तलावावर गेला होता. परत आल्यावर घडी घातलेला तंबू तसाच घराला लागून असलेल्या उबदार गॅरेजमध्ये ठेवला होता, आठवडाभर उघडला नव्हता. हीटर प्रोपेनचा आहे आणि दिवसभर चालू होता, नाहीतर नातवाला नेलेच नसते.

मिनियापोलिसचा_वऱ्हाडी

मग उत्तर तुमच्या हातात आहे, काका. कापडावरचा आणि गाडीतला बर्फ गॅरेजमध्ये वितळला, पाणी दांड्यांत उतरले, बंद नळीतून ते वाळायला वाट नव्हती, आणि पुढच्या रविवारी तुम्ही ते पाणी नळीत घेऊनच तलावावर गेलात. दांडे थंडीने अडकत नाहीत, पाण्याने अडकतात. कोरडा दांडा उणे ४० अंशांतही सरकतो.

रसायन_शिक्षिका (धरमपेठ)

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य आकड्यांनी तपासून पाहावे असे वाटले, म्हणून लिहिते.

केवळ थंडीने काय होते ते आधी पाहू. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर आकसते. अधिक २५ पासून उणे २५ पर्यंत, म्हणजे ५० अंशांच्या फरकाला, एक मीटरचा दांडा लांबीला जेमतेम १.१५ मिलिमीटरने कमी होतो, आणि २० मिलिमीटरची बाजू तर मिलिमीटरच्या दोन शतांश भागाएवढीच. शिवाय आतली आणि बाहेरची नळी एकाच धातूच्या असल्याने दोन्ही सारख्याच आकसतात, त्यामुळे मधली फट आहे तेवढीच राहते. अपवाद एकच: सांध्यात नायलॉनचे किंवा तत्सम प्लास्टिकचे कडे असेल, तर ते अॅल्युमिनियमच्या तीन-चार पट आकसते आणि आतल्या नळीला आवळू लागते. मुळातच घट्ट बसवलेले कडे असेल तर एवढ्यानेही दांडा जड चालेल, पण वेल्डिंगसारखा चिकटणार नाही.

आता पाणी. महालकरकाकांनी दिवसभर हीटर चालू होता असे लिहिले आहे, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. प्रोपेन जळताना पाणी तयार होते: ४४ ग्रॅम प्रोपेनमागे ७२ ग्रॅम. अमेरिकेत या हीटरांना लावतात ते लहान सिलिंडर एक पौंडाचे, म्हणजे ४५४ ग्रॅमचे असते. असे एक सिलिंडर संपले की साधारण ७४० ग्रॅम, जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात त्या इवल्याशा तंबूत सोडलेले असते. मंद आचेवर ते पाच-साडेपाच तास पुरते, त्यामुळे दिवसभरात दोन सिलिंडरे लागली असतील तर दीड लिटर. त्यात तीन माणसांचे श्वास आणि बर्फाच्या भोकांतल्या उघड्या पाण्यावरची वाफ वेगळी.

ही वाफ जाते कुठे? २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, उणे २० च्या हवेत फक्त एक ग्रॅमच्या आसपास. तंबूतली उबदार, ओली हवा जिथे गार वस्तूला टेकते तिथे आपले पाणी टाकून मोकळी होते, आणि तंबूतली सर्वांत गार वस्तू म्हणजे धातूचा दांडा, कारण त्याचे एक टोक बाहेरच्या थंडीला लागून असते आणि अॅल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेते. पन्हे घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच हा दांड्याचा घाम. तो ओघळून सांध्याच्या फटीत शिरतो. संध्याकाळी हीटर बंद होतो, दार उघडते, आणि काही मिनिटांत त्या फटीतल्या पाण्याचा बर्फ होतो. गोठताना पाणी आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते, म्हणून ते फटीत नुसते बसत नाही, दोन्ही भिंतींना रेटून धरते. आतली नळी २० मिलिमीटरची चौकोनी आहे आणि ३० सेंटिमीटर आत गेली आहे असे धरले, तर चिकटायला २४० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. तिचा पाचवा हिस्सा जरी बर्फाने धरला तरी हाताच्या ताकदीने तो सांधा सुटणे कठीण.

एक गोष्ट विषयाला धरूनच पण कळकळीने सांगते. बंद तंबूत प्रोपेन जाळताना कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून वरचा झरोका उघडा ठेवायचाच असतो. तोच झरोका वाफही बाहेर काढतो. ऊब टिकावी म्हणून तो बंद करणारा माणूस आपला जीव धोक्यात घालतो आणि दांडेही ओले करतो. धोक्याची घंटी देणारे छोटे यंत्र मुलाच्या तंबूत नसेल तर आधी ते घ्यायला सांगा, दांड्यांचे नंतर पाहू.

कळमन्याचा_कोल्डस्टोरेजवाला

ताईंनी सांगितलेली गोष्ट आम्ही रोज पाहतो. आमच्या उणे १८ च्या खोलीच्या दाराची कडी पावसाळ्यात जितकी गोठते तितकी मे महिन्यात गोठत नाही, आणि आतले तापमान मात्र दोन्ही वेळी तेच असते. फरक बाहेरून आत शिरणाऱ्या ओलाव्याचा. म्हणून अशा दारांच्या चौकटीत विजेची बारीक तार बसवलेली असते, ती चौकट किंचित कोमट ठेवते आणि रबर चिकटू देत नाही. तंबूला तार लावता येणार नाही, पण आमच्या माणसांना लावलेली शिस्त लागू पडेल.

पहिले, कडीला काहीही लावण्याआधी ती पूर्ण कोरडी आणि स्वच्छ झाली पाहिजे. ओल्या धातूवर ग्रीस फासले की पाणी ग्रीसखाली कोंडून राहते आणि तिथेच गोठते. काकांच्या मुलाचे नेमके हेच झाले असावे. दुसरे, साधे ग्रीस आणि इंजिनचे ऑइल आमच्या खोलीत आणायचेच नाही. ते घट्ट होते आणि धूळ धरते. आम्ही सिलिकॉनचा सुका स्प्रे वापरतो, जो मारल्यावर वाळतो आणि बोटाला चिकट लागत नाही. कडीच्या स्प्रिंगला सिलिकॉन ग्रीसचा मुगाएवढा ठिपका, कारण ते उणे ४० च्या आसपासपर्यंत मऊ राहते. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याबद्दल गैरसमज फार आहे. त्याच्या नावातच पाणी हटवणे असा अर्थ आहे, आणि अडकलेली वस्तू सोडवायला व ओल घालवायला ते चांगले, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, म्हणून हंगामभराचे वंगण ते नव्हे. ग्राफाइटची पूड लोखंडी कुलपाला उत्तम, परंतु अॅल्युमिनियमवर ओलाव्यात ती धातूला खायला लागते, तेव्हा दांड्यांना नको.

निवृत्त_सुभेदार (काटोल रोड)

मी द्रासला दोन हिवाळे काढले आहेत. तंबूच्या दांड्यांविषयी तिथे शिकलेल्या तीन गोष्टी लिहितो.

सांध्यात बर्फाची भुकटी गेली तर ती तोंडाने फुंकायची नाही. माणूस नकळत फुंकतो, आणि श्वासातली वाफ आत जाऊन गोठते. दांडा उलटा धरून हातमोज्यावर आपटावा किंवा कोरड्या ब्रशने झाडावा. उघड्या हाताने धातू धरायचा नाही, कातडी चिकटते. आणि ज्या दांड्यांच्या आतून लवचीक दोरी असते, त्या दोरीचा ताण थंडीत मरतो. तुकडे आपोआप एकमेकांत बसत नाहीत, अर्धवट बसलेला सांधा तसाच राहिला की वाऱ्याच्या पहिल्या झोताला तिथे दांडा फाटतो. प्रत्येक सांधा हाताने चाचपून पूर्ण बसवावा.

ट्रेकर_वाडी

सुभेदारसाहेबांचा प्रतिसाद वाचून विचारतो. आम्ही जानेवारीत झांस्करच्या चादरीवर, म्हणजे गोठलेल्या नदीवर, जाणार आहोत, आमचे दांडे गोल आणि दोरीचे आहेत. सांधा गोठलाच, तर त्यावर गरम पाणी ओतावे का? किंवा आधीच मीठ लावून ठेवावे का?

मिनियापोलिसचा_वऱ्हाडी

भाऊ, दोन्ही नको. गरम पाण्याने सांधा मिनिटभर सुटतो, पण तुम्ही फटीत आणखी पाणी घातलेले असते, आणि ते आधीपेक्षा खोल जाऊन गोठते. त्याऐवजी तेच गरम पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून बाटली सांध्याला टेकवून धरा. ऊब जाते, पाणी जात नाही. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्या सांध्याभोवती ठेवून वर कापड गुंडाळले की दहा मिनिटांत काम होते. मी खिशात दोन पुड्या खास दांड्यांसाठी ठेवतो. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो हे खरे, पण फार झाले तर उणे २१ पर्यंत, आणि मीठ अॅल्युमिनियमला खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, सांध्यावर शिंपडले की बर्फ सुटतो आणि ते उडूनही जाते, मात्र ते भडकन पेट घेते, म्हणून हीटर बंद असताना आणि तंबूबाहेरच वापरा. तुमचे दांडे गोल आहेत याचा फायदा असा की ओढण्याआधी किंचित पीळ देऊन बर्फाचा थर मोडता येतो. चौकोनी दांड्यात ती सोय नाही. दांडे फायबर ग्लासचे असतील तर पीळही जपून द्या, थंडीत त्यांना चिरा लवकर जातात.

स्प्रेबद्दल कोल्डस्टोरेजवाल्या दादांना एक जोड देतो. काही दांड्यांना बटण नसते, पिळून किंवा खटका दाबून नळी जागच्या जागी आवळतात. तिथे पकड घर्षणाची असते. त्या भागाला सिलिकॉन लागले तर छप्पर हळूहळू खाली येते. माझे आले आहे.

महालकर (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. आता माझ्याकडचे सांगतो, कारण ऐकून घेणे वेगळे आणि हाताने करून पाहणे वेगळे.

इतवारीतून अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या आणल्या आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पाच जोड्या केल्या, प्रत्येक बाजूला साधारण अर्धा मिलिमीटर फट राहील अशा. कापलेल्या कडांची बर (कापताना उरलेली धारदार कड) कानशीने काढली आणि आतून बारीक पॉलिश पेपर फिरवला. कळमन्याच्या दादांनी त्यांच्या ओळखीने उणे २० च्या खोलीत रात्रभर जागा मिळवून दिली. पहिली जोडी कोरडी. दुसरी पाण्याने ओली करून आत ढकललेली. तिसरीला साधे ग्रीस आणि वर पाणी. चौथीला स्पिरिटने पुसून, वाळवून, सिलिकॉनचा स्प्रे आणि वर पाणी. पाचवी ओली करून, मग सुती पंचाने सगळ्या बाजूंनी पुसून बंद केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतच उघडून पाहिल्या. कोरडी जोडी आपल्या वजनाने सरकली. ओली जोडी दोघांनी दोन बाजूंनी ओढूनही हलली नाही. फटीत डोळा लावून पाहिले तर कोपऱ्यांत काचेसारखा स्वच्छ बर्फ भरलेला होता आणि सपाट बाजूंवर कमी. म्हणजे पाणी कोपऱ्यांत ओढले जाते आणि दांडा मुख्यतः चार कोपऱ्यांनी धरला जातो. ग्रीसची जोडी झटके देत निम्मी बाहेर आली. सिलिकॉनची जोडी चिकटलेली होती, पण लाकडी हातोडीचा एक हलका ठोका टोकावर दिला आणि बर्फ कट्कन सुटला. आणि पंचाने पुसलेली जोडी खरखर करत, पण हाताने, पूर्ण बाहेर आली. हे पाहून मला खरोखर आनंद झाला, कारण उपाय एका पंचाच्या किमतीत बसतो.

मुलाला मी आता असे कळवले आहे. आवरताना आधी हीटर बंद करायचा नाही. तो चालू असतानाच, दांडे उघडे असताना, वरपासून खालपर्यंत पुसायचे, कोपऱ्यांत पंचा बोटाने दाबून. मग हीटर बंद, आणि लगेच दांडे आत. वेळ चुकली आणि दांड्यांवर दव गोठलेच, तर पुन्हा ऊब देऊन अर्धवट वितळवायचे नाही, पूर्ण गोठू द्यायचे आणि कोरड्या ब्रशने झाडायचे. अर्धवट ओला दांडा आत ढकलणे हीच सगळ्यात वाईट गोष्ट. घरी आल्यावर तंबू गॅरेजमध्ये पूर्ण उघडून, दांडे ताणून दोन दिवस पंख्यासमोर ठेवायचा. उघडायला जागा नसेल तर तो बाहेर थंडीतच राहू द्यावा, उबेत बंद ठेवू नये.

बाहेरच्या नळीच्या खालच्या टोकाला एक सूत व्यासाचे भोक पाडून पाण्याला वाट करून द्यावी, असाही माझा विचार आहे.

कळमन्याचा_कोल्डस्टोरेजवाला

काका, भोकाबद्दल जरा थांबा. गाडी ओढताना बर्फाचा चिखल उडतो, आणि खालच्या बाजूचे भोक पाणी बाहेर काढते तसे आतही घेते.

महालकर (नागपूर)

खरे आहे, हा विचार माझ्याकडून राहिला होता. मी मुलाकडून दांड्याचे फोटो मागवले. बाहेरच्या नळीचे खालचे टोक प्लास्टिकच्या टोपीने बंद आहे आणि घडीच्या स्थितीत ते गाडीच्या आत, काठाच्या वर येते, म्हणजे चिखल थेट लागत नाही. पण गाडीत साचलेले पाणी लागेल. तेव्हा भोक पाडायचे नाही असे ठरवले. टोपी काढता येते, ती वाळवताना काढून ठेवायची, म्हणजे हवा आरपार खेळेल. नळी जिथे वाकते किंवा बोल्ट आहे तिथे तर ड्रिल कधीच लावू नये, थंडीत ताण तिथेच येतो.

रसायन_शिक्षिका (धरमपेठ)

काका, हंगाम सुरू झाला असेल. मुलाकडून काही कळले का? आणि धोक्याची घंटी घेतली का?

महालकर (नागपूर)

घंटी घेतली, ताई. पहिल्या दिवशी तीच आधी लावली. तिकडे पायी जायला निदान चार इंच स्वच्छ, पक्का बर्फ लागतो असा तिथल्या सरकारी खात्याचा दंडक आहे, आणि यंदा तेवढा होताच ते निघाले. आतापर्यंत चार खेपा झाल्या. मी पार्सलने सहा सुती पंचे पाठवले होते. पुसायचे काम नातवाने स्वतःकडे घेतले आहे. तो खुर्चीवर उभा राहून वरचे कोपरे पुसतो आणि ओला झालेला पंचा हीटरच्या फार जवळ न नेता दोरीवर टाकतो, कारण ओल्या पंचाने पुसले तर पुसण्याला अर्थ उरत नाही.

तीन खेपांना दांडे सहज आत गेले. चौथ्या वेळी उणे ३० होते आणि एका बाजूचे बटण अडकले. दांडा कोरडा होता, पाणी बटणाच्या भोकातून आतल्या स्प्रिंगवर गेले होते. त्यांनी गरम पुडी पाच मिनिटे धरली आणि ते सुटले. आता बटणाखाली सिलिकॉन ग्रीस घातले आहे. मात्र ती स्प्रिंग साध्या पोलादाची आहे आणि तिच्यावर तांबूस डाग दिसू लागले आहेत. मार्चमध्ये तंबू तलावावरून कायमचा घरी आला की चारही बटणे काढून त्यांची मापे मला पाठवायला सांगितली आहेत. हिंगण्यात माझ्या ओळखीचा एक कारागीर स्टेनलेसच्या पट्टीतून तशी स्प्रिंग वाकवून देईल असे म्हणतो. पट्टी किती जाडीची घ्यावी, याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहावे.